डाव्या बत्तीची तार

मिस्त्री, तुमची गाडी दुरुस्त होऊन परत आली. दवाखान्याच्या आवारात फणसाखाली उभी आहे, तुमच्या जागेवर. नवा ड्रायव्हर गणपत तिथे लावायला तयार नव्हता. म्हणाला, "बाई, ती मिस्त्रींची जागा आहे." मी म्हटलं, "जागा गाडीची आहे. मिस्त्रींची असती तर मिस्त्री असते तिथे." बोलून गेले खरी, पण मग औषधांच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

तुमचा चाळिसावा अजून व्हायचा आहे. गावात सगळे तुमच्याबद्दल चांगलं बोलतात. हसनमिस्त्री म्हणजे देवमाणूस, हसनमिस्त्रींसारखा हात संस्थानात नाही. तुम्ही असता तर लाजला नसता. खुर्ची ओढून बसला असता आणि म्हणाला असता, बोला, बोला, घाई काय आहे! मला मात्र तुमच्याबद्दल चांगलं बोलायचं नाही. मला तुमच्याशी भांडायचं आहे. आपलं एक भांडण अर्धं राहिलं असं मी समजत होते. आता कळलं की तुम्ही ते माझ्या पाठीमागे कधीच मिटवून टाकलंत आणि मला पत्ताही लागू दिला नाहीत. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मला जमत नाही.

गाडी पहिल्यांदा आली तो दिवस आठवतो? मुंबईच्या कुणा शेठजींनी महाराजांना नजर केलेली लॉरी. मागच्या बाजूला खोलीसारखी लाकडी पेटी, आत बाळंतिणीसाठी खाट, औषधांचं कपाट, हात धुवायचं भांडं आणि छताला तीन बल्ब. अख्खं जव्हार बघायला लोटलं होतं. पुढे पाड्यांवरच्या लोकांनी तिला 'घरगाडी' म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं. मी नाशिकला नर्सचं काम शिकून आलेली, नवऱ्यामागे एकटी. ते तीन बल्ब बघून मला वाटलं, आता ह्या डोंगरात कुठलीही बाई अंधारात बाळंत होणार नाही. आणि तुम्ही? डोक्यावर लाल टोपी, मिशीला तेल, अशा थाटात सगळ्यांच्या देखत गाडीखाली आडवे झालात आणि बाहेर आलात ते तोंड वाकडं करून.

"गाडी झकास आहे," तुम्ही म्हणालात. "तार तेवढी बघा. बैल दोऱ्यानं बांधलाय."

बॅटरी तुमच्या सीटखाली. मागच्या खोलीची फ्यूजपेटी पार मागच्या दाराशी. आणि दोन्हींच्या मधे घरात वापरतात तसली बारीक तार. मी म्हटलं, राजवाड्यात ह्याच तारेवर झुंबरं लागतात, आपल्याला तीन बल्बांना काय धाड भरली आहे? त्यावर तुम्ही मला हाताला धरून नेल्यासारखं दवाखान्याच्या मागे नेलंत. तिथे माळी भाजीला पाणी देत होता.

"बाई, उंचावरून धो धो पडणारं पाणी असेल तर बारीक नळीतूनही भरपूर येतं. त्याला जोर असतो. राजवाड्यातली वीज तशी. आपली बॅटरी सहा व्होल्टांची. ती म्हणजे हा पाट. जोर नाही. तेवढंच पाणी न्यायचं तर पाट रुंद पाहिजे, आणि वाफा जितका लांब तितका आणखी रुंद. नाही तर पाणी वाटेतच जिरतं आणि वाफा कोरडा."

मला समजलं. पण तुमचं बोलणं काही संपलं नाही, ते कधीच संपायचं नाही. माळ्याचे हात थांबले, पाट फुटला, वांगी बुडाली, तरी तुमचं चालूच होतं.

तुमचं सगळंच बरोबर असायचं असं मुळीच नाही, हेही सांगून टाकते, कारण आता जो तो तुम्हाला पीर करायला निघाला आहे. बल्ब दमतो, असं तुम्ही शपथेवर सांगायचात. त्याला शुक्रवारी विश्रांती द्यायचात. शुक्रवारी एखादी बाई अडली की मला आधी तुमच्या बल्बाची समजूत काढावी लागायची. बॅटरीत घालायला पावसाचं पाणी चिनी मातीच्या बरणीत साठवायचात आणि त्या बरणीला वुजू केल्याशिवाय, नमाजाआधी धुतात तसे हातपाय धुतल्याशिवाय, हात लावायचा नाहीत. एकदा मी त्या पाण्यानं हात धुतले. जव्हारहून जामसर येईपर्यंत तुम्ही माझ्याशी चकार शब्द बोलला नाहीत. तुमच्यासारख्या माणसाला ती शिक्षा माझ्यापेक्षा जड गेली असणार.

तारेची मागणी तुम्ही लिहून घेतलीत, मीही सही केली. संस्थानाच्या कचेरीतून उत्तर आलं की गाडी नवी आहे, तार बदलायचं कारण दिसत नाही. मग आपण त्याच बारीक तारेवर फिरत राहिलो. दिवा लागायचा, पण पिवळा, हळदीच्या पाण्यासारखा. झोपडीत शिरायचं तर तुम्ही गाडी उलटी घेत घेत कुडाला टेकवायचात आणि मागच्या पेटीतून एक लांब तार आत सोडायचात. तेवढ्या लांबीत तो उजेड आणखीच उतरायचा. मी मोठा बल्ब मागितला. तुम्ही नाक मुरडत लावलात. मोठ्या बल्बाला वीज जास्त, आणि वीज जास्त झाली की तुमचा फ्यूज पटकन वितळणार. म्हणजे उजेड हवा तर अंधार, अशी तुमची न्यायाची पद्धत.

आणि मग पोशेऱ्याच्या पाड्यावरचं ते बाळंतपण.

भर दुपार होती, पण पावसाचं आभाळ आणि बिनखिडकीची झोपडी. आत हाताला हात दिसत नव्हता. मूल पायाळू. एक पाय बाहेर आलेला आणि बाई शुद्ध-बेशुद्धीच्या मधे. नेमका तेव्हा फ्यूज गेला. तुम्ही गाडीचं रुतलेलं चाक काढायला माणसं बोलवायला पाड्याच्या पार दुसऱ्या टोकाला गेला होतात. मी ओरडले, पण पत्र्यासारख्या वाजणाऱ्या पावसात तुम्हाला ऐकू कसं जाणार! त्या घरातली म्हातारी माझ्या मागेमागे गाडीपर्यंत आली. फ्यूजच्या जागेत वितळलेल्या तारेची दोन टोकं उरलेली बघितली आणि तिला मी न सांगताच कळलं. गळ्यातली मण्यांची माळ तिनं ओढली. मणी पदरात पडले. आत ओवलेली पितळी तार तिनं माझ्यापुढे धरली.

"ही घे बाय. हिच्यानं दिवा लाव. पोरीला बघ माझ्या."

मी ती तार फ्यूजमध्ये पिळून बसवली. दिवा लागला, मिस्त्री. मूल बाहेर आलं, रडलं. आणि मग मला वास आला. कुडाच्या भिंतीला टेकलेली तार तापून तिच्यावरचं रबर वितळत होतं, धूर निघत होता, वर गवताचं छप्पर. तुम्ही कुठून धावत आलात कोण जाणे. नुसत्या हातानं तार खेचलीत. तळहाताला पट्टीसारखा डाग पडला तो शेवटपर्यंत होता.

मी तुमच्या हाताला मलम लावत होते आणि आपण तिथेच, बाळंतिणीच्या दारात, भांडत होतो. आजही ते भांडण मला शब्दान्शब्द पाठ आहे.

"फ्यूज दिव्यासाठी नसतो बाई, तारेसाठी असतो. तार जळण्याआधी त्यानं मरायचं, तेच त्याचं काम. तुम्ही त्याच्या जागी न मरणारा आणून बसवलात!"

"माझ्या बाळंतिणीला तुमच्या तारेच्या आयुष्याशी काय करायचंय?"

"गवताचं घर आहे. पेटलं असतं तर बाळंतीण कुठली आणि तुम्ही कुठल्या?"

"आणि अंधारात पायाळू मूल अडकलं असतं तर? तुम्ही सोडवलं असतंत?"

"म्हणून आग लावायची?"

"म्हणून दिवा लावायचा!"

म्हातारी मधे आली आणि म्हणाली, "भांडू नका रं. दोगांनी मिळून पोर काढलं ना?" तुम्ही गाडीकडे गेलात, मी बाळंतिणीकडे. पण मनातून कुणीच मागे हटलं नाही. मी आजही हटलेली नाही. ती म्हातारी पुन्हा पुढे आली तर मी ती तार पुन्हा घेईन. आणि तुम्हीही पुन्हा खेचाल, हे मला ठाऊक आहे. तुम्ही नंतर त्या म्हातारीला बाजारातून नवी पितळी तार नेऊन दिलीत आणि जुनी, काळी पडलेली, गाडीत आरशाला बांधून ठेवलीत. कुणी विचारलं की सांगायचात, "ही आमच्या बाईंची अक्कल."

त्यानंतर आपण कुठेही गेलो तरी ते भांडण गाडीत बरोबरच असायचं. मी म्हणायची, फ्यूज जाड घाला. तुम्ही म्हणायचात, तारेला झेपेल तेवढाच फ्यूज, एक केसही जास्त नाही. मी म्हणायची, मग तार बदला. तुम्ही म्हणायचात, तार काय झाडाला लागते? गाडी घाटाला लागली की आपण सुरू करायचो आणि पाडा आला की थांबायचो. खरं सांगायचं तर त्या भांडणामुळे रस्ता कळायचा नाही.

गेल्या होळीनंतर एक दिवस मागचा दिवा एकदम लख्ख लागला. पांढरा स्वच्छ उजेड. मोठा बल्ब, आणि फ्यूज जायचं नावच नाही. मी विचारलं, हे कसं काय? तुम्ही पान लावता लावता म्हणालात, "नवी बॅटरी आली." मी केवढी मिरवले! तुम्हाला म्हटलं, बघा, माझंच खरं झालं, दोष तारेचा नव्हताच. तुम्ही म्हणालात, "तुमचंच खरं, बाई." तुम्ही, हसनमिस्त्री, ज्यांनी एक स्क्रू बसवला तरी जव्हारच्या बाजारात त्याची दवंडी पिटली असती, ते तुम्ही एवढंच बोललात. तेव्हाच मला खटकायला हवं होतं.

त्याच सुमारास गाडीची पुढची डावी बत्ती बंद पडली. तुम्ही म्हणालात, बल्ब गेला, मुंबईला सांगितलाय. मी एकदोनदा विचारलं. तुम्ही म्हणालात, "बाई, हा घाट मला माझ्या मिशीसारखा ठाऊक आहे. एका बत्तीत उतरेन, डोळे मिटून उतरेन." मी म्हटलं, डोळे मिटायच्या आधी मला खाली उतरवा. आपण हसलो.

मिस्त्री, आता तो दिवस. त्याच्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण तो टाळून पुढे जाता येत नाही.

सूर्यमाळेच्या वरच्या पाड्यावर आपण सकाळपासून होतो. तुमच्या त्या लख्ख दिव्याखाली मूल नीट झालं, पण बाईचं रक्त थांबेना. माझ्याजवळचं औषध संपलं. मी तुम्हाला म्हटलं, मोखाड्याच्या दवाखान्यातून आणखी आणा. तुम्ही आभाळाकडे बघितलंत. दुपार कलली होती आणि डोंगरावर धुकं उतरायला लागलं होतं. "येतो दिवेलागणीपर्यंत," म्हणालात आणि माझा हातातला चहा, अर्धा प्यालेला, उचलून पिऊन टाकलात. ही तुमची घाणेरडी सवय. 'येतो दिवेलागणीपर्यंत' हे तुमचं मला शेवटचं वाक्य, आणि मी तुम्हाला म्हणाले ते शेवटचं वाक्य, "तुमचा चहा वेगळा दिला होता ना!"

दिवेलागण झाली. गाडीचा आवाज नाही. मी बाईचं पोट दाबून धरून बसले होते आणि मनात तुम्हाला शिव्या देत होते. मोखाड्यात कुणी ओळखीचा भेटला असेल, पानाच्या गादीवर बसला असाल. मग पाड्यावरचे दोघे तिघे आले, पळत आलेले, पायांना चिखल. त्यांतल्या थोरल्यानं कमरेच्या फडक्यातून औषधाची डबी काढून माझ्या हातात दिली. मी विचारलं, मिस्त्री कुठे आहेत? तो म्हणाला, "आदी सुई टोच, बाय. मंग सांगतो."

मी सुई दिली. थांबले, नाडी बघितली, रक्त हळूहळू ओसरलं. तेवढा सगळा वेळ ती माणसं दारात उभी होती. बाईनं पाणी मागितलं तेव्हा तो थोरला माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "मिस्तरी गेला, बाय. वळणावर गाडी डावीकडं गेली. डबी त्याच्या सदऱ्यात व्हती, छातीशी. फुटली नाय."

मिस्त्री, त्या लोकांचे उपकार मी कसे फेडू? त्यांनी आधी सांगितलं असतं तर माझ्या हातून ती सुई टोचली गेली नसती. त्यांनी आपल्या पोरीला वाचवलं आणि मलाही वाचवलं. आणि तुम्ही? तुम्ही औषध घेऊन वर येत होतात. खाली जात असताना नाही, वर येताना. काम करून येताना.

सगळे म्हणाले, धुकं होतं. दवाखान्यातले म्हणाले, वय झालं होतं. मौलवी म्हणाले, आलेली वेळ टळत नाही. मीही स्वतःला तेच सांगत होते.

मग गाडी दुरुस्तीला गेली. गणपतनं मागची फ्यूजपेटी उघडली, सीटखालची फळी काढली आणि मला हाक मारली. "बाई, हे कुणी केलंय?" मी वाकून बघितलं. बॅटरीपासून मागच्या पेटीपर्यंत ती घरातली बारीक तार नव्हतीच. चांगली जाड, कारखान्यातून गाडीबरोबर आलेली तार होती. पेटीत फ्यूजही एक माप जाड, बरोबर त्या तारेला झेपेल तेवढा. झोपडीत सोडायच्या तारेलाही बाजूनं दुसरी पीळ घालून बांधली होती, म्हणजे जी बारीक निघाली ती तिथे कामाला लावली होती. काम इतकं नीट की गणपत हात लावून बघत राहिला. मग तो पुढे गेला, डाव्या बत्तीच्या मागे हात घातला आणि म्हणाला, "बल्ब चांगला आहे, बाई. तारच नाही."

बॅटरी जुनीच होती. तुम्ही डाव्या बत्तीची तार काढून माझ्या दिव्याला लावली होतीत.

मी तशीच तुमच्या घरी गेले. जैनबभाभी तुमच्यामागे इद्दतीत बसल्या आहेत, चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, आतल्या खोलीत, खिडकीला पडदा. मी जाऊन त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. विचारायचं कसं ते कळेना. शेवटी सरळच विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं? त्या मला नवऱ्याचा जीव घेणारी म्हणतील असं वाटत होतं, आणि म्हणाल्या असत्या तर मी ऐकून घेतलं असतं.

"होतं ना," त्या म्हणाल्या. "मीच बोलले त्यांना, बाईंना सांगा तरी. तर म्हणाले, सांगितलं तर उपटून पुढे लावायला लावतील. आणि..."

"आणि काय, भाभी?"

"म्हणाले, आणि नाही लावायला लावली तर मला वाईट वाटेल."

मग त्यांनी माझा हात धरला. मला धीर द्यायला की स्वतःला, देव जाणे. जराशानं म्हणाल्या, "एक अजून बोलायचे. बाई आता भांडत नाहीत, म्हणायचे. दिवा चांगला लागतो ना. गाडीत करमत नाही."

मिस्त्री, हे वाक्य मी घरी कशी घेऊन आले ते मला ठाऊक. तुम्हाला माझी परीक्षा नको होती. मी नापास झाले तर तुम्हाला सोसणार नव्हतं, म्हणून तुम्ही प्रश्नच विचारला नाहीत. केवढा हा चांगुलपणा आणि केवढा हा अपमान! मला इतकं ओळखत होतात, तर एवढं ओळखायला नको होतं की मी काय म्हटलं असतं? पण तुम्हाला तरी कसं नावं ठेवू? मी काय म्हटलं असतं हे आज मलाच सांगता येत नाही. त्या दिवसांत मला उजेडाशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. रोज वेगवेगळं उत्तर सुचतं. कधी मी चटकन म्हणते, छे, पुढे लावा ती आधी. कधी मी म्हणते, एका बत्तीत येता ना नीट? मग राहू द्या. हे दुसरं उत्तर आलं की मी उठून बसते.

फ्यूज तारेसाठी असतो, तार जळण्याआधी त्यानं मरायचं. हे तुमचं वाक्य आता मला नको त्या अर्थानं आठवतं. तुम्ही ते फ्यूजबद्दलच बोलला होतात. मी ते तिथेच ठेवायचा प्रयत्न करते.

परवा सूर्यमाळेहून पुन्हा बोलावणं आलं. पहिलटकरीण, कळा सुरू झालेल्या. गणपत मागून काढलेल्या जाड तारेचं वेटोळं हातात घेऊन फणसाखाली उभा होता. मुंबईहून नवी तार अजून यायची आहे.

"बाई, जाड तार एवढीच. मागे लावू का पुढे?"

तुम्ही जो प्रश्न मला कधी विचारला नाहीत, तो त्यानं सहज विचारला. त्याला काय ठाऊक! मी त्या पहिलटकरणीची झोपडी डोळ्यांसमोर आणली. तिला खिडकी नाही हे मला ठाऊक होतं. माझ्या जिभेवर 'मागे' आलं होतं, मिस्त्री. हे तुम्हाला सांगितलं नाही तर ह्या लिहिण्याला काही अर्थ नाही. आलं होतं. मग मी म्हटलं, "पुढे लाव. दोन्ही बत्त्या लागल्याशिवाय गाडी हलवायची नाही."

मागे बारीक तार गेली, बारीक बल्ब गेला आणि बारीक फ्यूज. तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं होतंत तसंच. सूर्यमाळेला पोचलो तेव्हा ऊन होतं. मी झोपडीचं दार काढून बाजूला ठेवायला लावलं, खाट दारात ओढली आणि बायकांना बाहेरून लुगड्यांचा आडोसा धरायला लावला. दिवा मिणमिण करत होता. तिथली आजी वर बघून म्हणाली, "तुजा दिवा आज आजारी हाय का गं?" मी म्हटलं, "नाही आजी, त्याच्या मापाचा आहे." मुलगी झाली. सगळं नीट झालं. नीट होणारच होतं म्हणून झालं की मी चांगलं काम केलं म्हणून, ह्यावर तुम्ही असता तर मोखाडा येईपर्यंत वाद घातला असता.

परत निघालो तेव्हा दिवस मावळत होता. मी तुमच्या शेजारी बसायची तिथेच, पुढे, गणपतच्या बाजूला बसले होते. आरशाला म्हातारीची काळी पितळी तार अजून बांधलेली आहे, मी सोडू दिली नाही. गणपत बोलत नाही. गाडी चालवताना जो माणूस बोलत नाही त्याच्या शेजारी बसायची मला सवय नाही. अंधारायला लागलं तशा त्यानं बत्त्या लावल्या.

ते वळण आलं, आज उलट्या बाजूनं. मी डोळे मिटून घ्यायचे ठरवलं होतं, पण मिटले नाहीत. डाव्या बत्तीचाही उजेड समोर सरळ कडेवर पडला. कारवीची मोडलेली झुडपं, रस्त्याच्या काठाला रचलेले दगड, जिथून ते ढासळलेत ती जागा, सगळं लख्ख दिसलं. गणपतनं चाक जरासं डावीकडे घेतलं आणि गाडी वळून पुढे गेली. त्याला काही विशेष करावं लागलं नाही.

आज धुकं नव्हतं, त्या दिवशी होतं. दोन्हींची तुलना होत नाही, हे मी घरी येईपर्यंत स्वतःला समजावत होते. तुम्ही शेजारी असता तर तुम्हीच मला ते पटवून दिलं असतं, पाणी आणि पाट आणि वाफा सगळं आणून. पण मला कडेचा दगडन् दगड दिसत होता.

तुम्ही मला एकदा विचारायचं होतंत, मिस्त्री. मी भांडले असते, आणि तुम्ही घरी गेला असता.